आमच्या कोचचं सातवं गाव

टेक्सासमध्ये वीज चमकली की खेळ थांबतो. मैदानावरचा भोंगा वाजतो, मुली धावत आपापल्या गाड्यांत जाऊन बसतात आणि शेवटच्या विजेपासून अर्धा तास मोजायचा असतो. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा चमकली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शुगर लँडच्या उन्हाळ्यात एकेक मॅच अशी तीन-चार तास रखडायची. बाकीचे आईबाप या नियमाला शिव्या घालायचे. मला तो आवडायचा, कारण तेवढा वेळ आमचा कोच माझ्या गाडीत येऊन बसायचा. त्याची स्वतःची गाडी जुनी होती आणि तिचा एसी बंद पडला होता.

कोच जर्मन होता, अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, गुडघ्यातून थोडा लंगडणारा. माझी मुलगी त्याच्या तेरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये होती आणि मी त्या टीमची मॅनेजर होते. पद ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात तंबू ठोकायचा, पाण्याचा कूलर भरायचा, खेळाडूंची कार्डं सांभाळायची आणि आईबापांना मेल पाठवायच्या. पगार नाही. पगार मला चाललाही नसता. पुण्यात मी नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, शेवटी अकरा जणांची लीड होते. नवऱ्याच्या मागे इथे आले आणि माझ्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती. सहा वर्षं घरात. त्यामुळे मुलींच्या पाण्याच्या बाटल्यांवर नंबर टाकणं, हेसुद्धा मी एखादं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं असल्यासारखं करायचे. नवरा म्हणायचा, "अगं, मुलींचा खेळ आहे तो." त्याला काय जातंय म्हणायला. रोज सकाळी गळ्यात कार्ड अडकवून तो निघून जायचा.

गाडीत सांगलीच्या भडंगाचा डबा कायम असायचा. कोच तो मांडीवर घेऊन बसायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचा. खाता खाता आपली गावं सांगायचा. क्लबांची नावं तो घेत नसे, गावंच सांगायचा. पहिल्या गावात गोलच्या मागे साखर कारखाना होता, बिटाचा. हंगामात मैदानभर गोड, आंबूस वास. मी म्हटलं, आमच्याकडेही अस्सा वास येतो, उसाच्या मळीचा. त्यावर त्याने माझ्याकडे नीट वळून पाहिलं, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

दुसऱ्या गावाने त्याला हिवाळ्याच्या सुट्टीत काढलं, नाताळच्या चार दिवस आधी. तिसऱ्या गावाला त्याने वरच्या लीगमध्ये नेलं. लोकांनी खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून मिरवलं. पुढच्या मोसमात अकरा मॅचनंतर तीच माणसं बसच्या दाराशी शिट्ट्या वाजवत उभी होती. चौथ्या आणि पाचव्या गावाने त्याला बुडत्या टीमला वाचवायला मोसमाच्या मध्येच बोलावलं. "अशा कोचला आमच्याकडे आगीच्या बंबावरचा माणूस म्हणतात," तो म्हणाला. "आग विझली की बंब परत. नाही विझली तरी परत." सहावं गाव त्याने स्वतः सोडलं, कारण बायको आजारी पडली. ती गेली. त्यानंतर दीड वर्ष फोन वाजला नाही. शेवटी वाजला तो टेक्सासमधून, बारा वर्षांच्या मुलींसाठी.

सहा गावांपैकी एकाही ठिकाणी त्याची तीन वर्षं पुरी झाली नव्हती. सातव्या गावात अडीच वर्षं झाली होती. "तीन पूर्ण करायची," तो म्हणायचा, "आणि मग इथेच राहायचं. तिकडे आता माझं कोणी नाही, आणि पाच वेळा काढलेल्या माणसाला साठीला कोण बोलावतं?" त्याचा व्हिसा क्लबचा होता. ग्रीन कार्डाचा अर्जही क्लबच करत होता. आपल्या लोकांत प्रत्येक जण बिनफीचा व्हिसा वकील असतोच. विजा चमकत असताना मी त्याला सगळं समजावून सांगितलं, कुठला फॉर्म कशानंतर जातो, कुठल्या टप्प्यावर हुश्श म्हणायचं आणि मुख्य म्हणजे नोकरी गेली तर काय. नोकरी गेली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरं काम मिळवा, नाहीतर निघा. हे मी त्याला बोटं मोजून सांगितलं होतं. म्हणजे जे पुढे झालं ते मी अजाणतेपणी केलं, असं मला कुठल्याही तोंडाने म्हणता येत नाही.

त्या वसंतात टीम ओळीने पाच मॅच हरली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुरकुर सुरू झाली. कोचच्या ठरलेल्या लाडक्या आहेत, बाकीच्यांना तो बसवून ठेवतो, वगैरे. अर्धा ग्रुप आपला देशी. त्यात तेल कंपनीत इंजिनिअर असलेले एक बाबा होते, मूळचे नागपूरचे. ते मैदानावर मला म्हणाले, "वहिनी, आपण उगाच इमोशनल होतोय यार. डेटा असेल तर बघू ना. कोणाला किती मिनिटं मिळाली, सिम्पल आहे."

डेटा होता. माझ्याकडेच होता. पहिल्या मॅचपासून कोणती मुलगी कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, हे मी वहीत लिहून ठेवत आले होते. कोणी सांगितलं नव्हतं. टेस्टरचा हात, दुसरं काय. कोच सगळ्यांना साधारण सारखंच खेळवतो, याची मला खात्री होती. म्हटलं, तक्ता करून टाकते, तोंडं बंद होतील.

चार दिवस बसले. मुलगी शाळेतून आली की फ्रिजमधलं काढून स्वतःच खायची. मी काय करतेय ते तिने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, कोच वोन्ट लाइक धिस." मी तिला गृहपाठाला पिटाळलं.

बेरजा सारख्या आल्या नाहीत. तीन मुली खूप खेळल्या होत्या, पाच जणी फार कमी. सगळ्यांत कमी माझीच मुलगी. पण त्याला कारणं होती. एकीचा घोटा मुरगळला होता, एक महिनाभर भारतात गेली होती, माझी मुलगी तापातून उठली होती. मी शेरे म्हणून वेगळा रकाना केला आणि ही सगळी कारणं त्यात नीट लिहिली. मग रंग भरले. जास्त मिनिटांना हिरवा, कमीला लाल. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "शेरे कोणी वाचत नाही. लाल रंग सगळे वाचतात. नको पाठवूस." कोचलाही मी गाडीत अडखळत विचारलं होतं, आईबापांना आकडे दाखवले तर? तो म्हणाला होता, "लोकांच्या हातात कधीही आकडा देऊ नका. आकड्याला ते प्रश्न विचारत नाहीत."

तरीही पाठवला. लोकांना मी आजवर सांगत आले की त्याच्या बचावासाठी पाठवला. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तो तक्ता देखणा झाला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं काम वीस-बावीस माणसं उघडून बघणार होती. मला ते बघायचं होतं. एवढंच. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी एका माणसाचं घर पणाला लावलं.

पाठवल्यावर दहा मिनिटांत नागपूरकरांचा अंगठा आला, "सुपर्ब वर्क, वहिनी!" मी स्वयंपाकघरात उभी राहून हसले. तासाभरात प्रत्येकाने आपापल्या मुलीची ओळ शोधली होती. शेरे कोणीही वाचले नाहीत. संध्याकाळपर्यंत कोणीतरी तो तक्ता क्लबच्या डायरेक्टरकडे पोचवला होता, "पुरावा जोडला आहे" असं लिहून. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. मी तक्ता ग्रुपवरून काढून टाकला, तर लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती पुन्हा टाकल्या.

दोन दिवसांनी डायरेक्टरची मेल आली. क्लबचा कोचवर पूर्ण विश्वास आहे, आईबापांनी धीर धरावा, असं तिने लिहिलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी ती मेल लगेच कोचला पाठवली, खाली हसरे चेहरे टाकले. त्याचं उत्तर आलं, "तुमच्याकडे रिकामे खोके आहेत का?"

मला कळलंच नाही. फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पूर्ण विश्वास मला आत्तापर्यंत पाच वेळा मिळाला आहे. त्यानंतर काढून टाकायला कधीच आठवडा लागला नाही." या वेळी तीन दिवस लागले.

मग मी जे धावले त्याची आठवण झाली तरी लाज वाटते. एकेका घरी फोन केले. कोचला परत घ्या म्हणून पत्र लिहिलं, सह्या मागितल्या. सगळे गोड बोलले. "वहिनी, पर्सनल काही नाही हो," नागपूरकर म्हणाले, "आणि डेटा तर तुमचाच आहे." सात सह्या मिळाल्या, त्यातल्या दोन आमच्या घरातल्या. सहीसाठी मुलीकडे गेले तेव्हा तिने विचारलं, "इफ आय साइन, विल ही स्टे?" मी हो म्हटलं. तिने सावकाश, सगळी अक्षरं सुटी सुटी काढून सही केली.

ते पत्र घेऊन मी डायरेक्टरकडे गेले. तिने मला कॉफी दिली, पत्र वाचून बाजूला ठेवलं. मी म्हटलं, या माणसाला साठ दिवसांत देश सोडावा लागेल. निदान मोसम संपेपर्यंत त्याला कागदावर ठेवा, सरावाला लावू नका, चेंडू पंप करायला ठेवा, काहीही करा. माझा आवाज चढला, मग फुटला. खुर्चीत बसून परक्या बाईसमोर मी रडले. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, की निर्णय झाला आहे, पण तो तक्ता फार उपयोगी होता. पुढच्या मोसमात मी क्लबच्या सगळ्याच टीमसाठी तो करीन का? हौसेने, अर्थातच, पगार नाही.

तिथे उठून जायला हवं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

त्याने पन्नास दिवस काम शोधलं. डॅलसमधल्या एका शाळेने बोलावून नंतर कळवलंच नाही. फ्लोरिडातल्या क्लबला तरुण माणूस हवा होता. मी रोज सकाळी नोकऱ्यांच्या साइट पाहायचे, त्याला दुवे पाठवायचे, आणि संध्याकाळी मनात दिवस वजा करायचे. अठ्ठावीस. एकोणीस. बारा. मुलीशी मी काहीही कारण नसताना ओरडायचे. देवाला नवससुद्धा बोलून झाले, आणि मी काही तशी बाई नाही.

दहा दिवस उरले असताना एका रविवारी दुपारी तो खोके न्यायला आला. जेवायला थांबा म्हटलं तर थांबला. जेवण झाल्यावर म्हणाला, "तुम्ही कागद चांगले करता. मला जर्मनीसाठी माझ्या कामाची यादी करून द्याल? शाळेत वगैरे कुठे घेतलं तर." मी नाही म्हणू शकले असते, तर किती बरं झालं असतं.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. गाव, कधीपासून, कधीपर्यंत, काय काम, आणि सवयीने शेवटी आणखी एक रकाना केला, सोडण्याचं कारण. तो रकाना नसता तरी चाललं असतं. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. पहिल्या गावासमोर त्याने सांगितलं, "व्यवस्थापनाचा विश्वास उडाला." दुसऱ्याला म्हणाला, "वरीलप्रमाणे." तिसऱ्याला वरीलप्रमाणे. म्हणजे त्या खांद्यावर मिरवणाऱ्या गावालाही. चौथं, पाचवं, तेच. सहाव्या गावासमोर तो म्हणाला, "पत्नीचं आजारपण." मी तसं लिहिलं.

सातवी ओळ आली. शुगर लँड, टेक्सास. दोन वर्षं, आठ महिने.

माझे हात कीबोर्डवरून खाली आले. मी म्हटलं, "तो तक्ता मी केला होता. मला कोणी करायला लावला नव्हता. तुम्ही नको म्हणालात, नवरा नको म्हणाला, मुलगी म्हणाली. मला तो लोकांना दाखवायचा होता, म्हणून पाठवला. साठ दिवसांचं मला माहीत होतं. मीच तुम्हाला सांगितलं होतं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "फाइलवर तुमचं नाव होतं."

म्हणजे एवढे दिवस मी पाठवलेले दुवे त्याने उघडले, माझ्या हातचं जेवला, आणि त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? चिडला का नाहीत? त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी तो घेतला असता. तो फक्त दमलेला होता, आणि मीही त्याला काही नवीन नव्हते.

"या ओळीत काय लिहू?" मी विचारलं.

त्याने पडद्याकडे बोट केलं, पाचव्या गावाच्या ओळीकडे.

"वरीलप्रमाणे," तो म्हणाला.

मी ते लिहिलं.