बेंबीजवळची खूण

“हे लवकर काढावं लागेल,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. एमआरआयच्या फोटोत माझी पित्तनळी लिंबाएवढी फुगलेली दिसत होती. याला कोलेडोकल सिस्ट म्हणतात. यात यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी जन्मापासूनच फुगीर असते. तिच्यात पित्त साचतं, संसर्ग होतो. “आणि तशीच ठेवली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो,” मॅडम म्हणाल्या.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. डॉक्टरांचं बोलणं आईला समजावायचं काम माझंच. कॅन्सर हा शब्द मात्र समजवावा लागला नाही.

त्याआधी वर्षभर उजव्या बरगडीखाली दुखायचं. डोळे पिवळे झाले तेव्हा आमच्या गावात, आंजीत, सगळे कावीळ म्हणाले. ती उतरली आणि आम्ही निर्धास्त झालो, पण दुखणं परत परत येत राहिलं. तुमच्याकडे असं पुन्हा पुन्हा होत असेल तर सोनोग्राफी करून घ्या, एवढं सांगावंसं वाटतं.

मॅडमनी लॅपरोस्कोपी सुचवली, म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. पोटावर पाच बारीक छिद्रं, एक बेंबीजवळ. त्यांतून फुगलेली नळी आणि पित्ताशय काढायचं, आणि आतडं वर घेऊन यकृताच्या नळीला जोडायचं.

आई उठून उभी राहिली. आमच्याकडे बायांचं मूल बंद करायचं ऑपरेशन दुर्बिणीनं होतं आणि बेंबीजवळ तशीच खूण राहते. आईलाही आहे.

“मॅडम, पोरगी बिनलग्नाची हाय. मोठा चिरा द्या. बरगडीखाली, दिसन असा.”

“ताई, गर्भाशयाला हातही लागणार नाही.”

“तुमाले मालूम, मले मालूम. गावाले कोण सांगन?”

मी सज्ञान होते, सही मलाच करायची होती. पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. आईला डावलून सही करायची हिंमत झाली नाही. आम्ही घरी आलो.

त्याच आठवड्यात थंडी वाजून ताप भरला. भर दुपारी गोधड्यांखाली माझे दात वाजत होते. आई वाफ्यातून बाजारात विकायला सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढत होती. ती मातीच्या हातांनीच आली, माझी पापणी खाली ओढली, तर डोळा पुन्हा पिवळा दिसला.

ती म्हणाली, “चाल. मॅडमले सांग, कसंबी करा.”

याला कोलँजायटिस म्हणतात, पित्तनळीतला संसर्ग. रक्तात पसरला तर जीव जाऊ शकतो. आधी अँटिबायोटिक, मग काही आठवड्यांनी ऑपरेशन. सही केली तेव्हा आई शेजारी उभी होती.

शुद्धीवर आले तेव्हा कुशीतून एक नळी पिशवीत गेली होती. तिच्यात हिरवट पिवळं आलं तर आतला जोड गळतोय असं समजायचं. सिस्टर रंग पाहायच्या आणि मी सिस्टरांचं तोंड पाहायची. हिरवं आलं नाही.

काढलेली नळी बायोप्सीला, म्हणजे पेशींच्या तपासणीला गेली. रिपोर्ट येईपर्यंत आई माझ्याशी फक्त जेवणाचं बोलायची. त्यात कॅन्सर निघाला नाही.

पुढे बाजारात शेजारच्या काकूंनी विचारलंच, “काऊन वं, पोरीचं दुर्बिणीचं केलं म्हणते?”

आईनं तराजू खाली ठेवला. “व्हय. तुया पोटावर एकच खूण ना? माह्या पोरीच्या पाच हायेत. येजो घरी, मोजून घेजो.”

बाया हसल्या. मी मान खाली घालून सांबाराच्या जुड्या बांधत राहिले.

आतला जोड आकसू शकतो, म्हणून तपासण्या आयुष्यभर आहेत. आई रोज सकाळी मला अंगणात उजेडाकडे तोंड करून उभं करते आणि पापणी खाली ओढते.

मग ती म्हणते, “जाय, बस सुटन.”