आत्यानं पट्टी बदलली

माझी आत्या शहराच्या वाद्यवृंदात होती, पण रंगमंचावर कधीच दिसायची नाही. खालच्या खोलीत बसून ती वादकांसाठी स्वरलिपीचे कागद लिहायची. एखादा वादक मिळाला नाही, की त्याचे सूर दुसऱ्या वाद्याला झेपतील अशा पट्टीत उतरवून द्यायची. सगळे तिला 'पट्टीबाई' म्हणायचे आणि ती खुशाल ओ द्यायची.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, त्याच वाद्यवृंदातले एकमेव चेलोवादक. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं, व्हायोलिनसारखंच पण मोठं, खर्जातलं वाद्य. एका सकाळी गॅरेजचं लोखंडी शटर त्यांच्या डाव्या हातावर आदळलं. हात वाचला, पण दोन बोटं कायमची आखडली. तारा दाबायच्या त्या नेमक्या याच हातानं. बाबांनी चेलो कपाटामागे उभा केला आणि घरात रेडिओसुद्धा बंद झाला.

आत्यानं काही दिवस हे चालू दिलं. मग एका रविवारी ती युफोनियम घेऊन आली. मांडीवर बाळासारखा धरायचा जाडजूड पितळी भोंगा. कळा उजव्या हातानं दाबायच्या.

"या वयात आता फुंकायला शिकू?" बाबा उखडले.

"भांडताना दम कमी पडत नाही तुला. तोच यात घाल."

बाबा हसले नाहीत, पण भोंगा त्यांनी परतही पाठवला नाही. वर्षभर शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. हळूहळू त्या उघडायला लागल्या, तशी आत्यानं बाबांची जुनी, आवडती चेलोची रचना काढली.

या भोंग्यासाठी लिहिलेला सूर प्रत्यक्षात खाली वाजतो, म्हणून प्रत्येक ओळ वर सरकवून लिहावी लागते. आत्यानं ते चुटकीसरशी केलं. पण पहिल्याच सरावात बाबा लालबुंद होऊन थांबले.

"ताई, चेलोला नाक नसतं. मला आहे. श्वास कधी घेऊ?"

आत्यानं कपाळावर हात मारला. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं सगळी चाल स्वतः गाऊन पाहिली; दम संपेल तिथे पेन्सिलची खूण केली. दोन जागी मात्र श्वास घेतला की चाल तुटत होती. तिथले सूर तिनं क्लॅरिनेटला देऊन टाकले. बाबांनी सोडायचं, त्यानं अलगद उचलायचं.

वाद्यवृंदाच्या संचालकांना हे पचेना. "चेलोचं काम पितळेला? कसं वाटेल ते?"

"आधी ऐका. नाही पटलं तर मीच फाडून टाकते."

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग बाबांकडे वळून एवढंच म्हणाले, "उद्यापासून सरावाला वेळेवर येत चला."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आत्या पडद्याआड उभी होती. भोंग्याचा आवाज चेलोसारखा नव्हताच. तो रुंद होता, उबदार होता आणि बाबांचा होता. टाळ्या थांबेनात, तशी ती डोळे पुसत पुटपुटली, "तिसऱ्या ओळीत घाई केलीस गाढवा."

बाबा निवृत्त होईपर्यंत तोच भोंगा वाजवत राहिले. पुढे दुसऱ्या गावांतूनही वादक आत्याकडे यायला लागले. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाची कवळी नवी. आत्या त्यांचे कागद लगेच हातात घेत नाही. आधी खुर्ची देते, पाणी देते आणि म्हणते, "हं, जमेल तसं वाजव बघू."