रिसबुडांचा पहिला धोबी

टपालखात्यातून निवृत्त होऊन अनंतराव रिसबूड कसबा पेठेतून धायरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तोवर त्यांना चिमणी, कावळा आणि कबूतर एवढेच पक्षी ओळखू येत. धायरीत वर्षभरात ते पक्षितज्ज्ञ झाले. "होतील नाहीतर काय," त्यांच्या पत्नी हेमाताई म्हणत, "बसच्या थांब्यावर उभं राहून दुसरं बघायचं तरी काय?"

सोसायटीच्या फाटकापाशी एक फळा होता. वरच्या अर्ध्या भागात पाण्याच्या वेळा असत आणि खाली, कुणाला काय दिसलं ते. उन्हाळ्यात मुंगूस, पावसाळ्यात धामण, अधूनमधून भारद्वाज. पण खरा मान धोब्याचा. करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, शेपटी सारखी वरखाली हलवणारा हा एवढासा पक्षी पितृपक्षाच्या सुमारास थेट हिमालयाकडून यायचा. तो ज्याला आधी दिसेल त्याला कोजागिरीला गच्चीवर मसाला दुधाचा पहिला पेला, टाळ्यांसकट. हा पेला आजवर दर वर्षी रिसबुडांचाच. आपण दुधाचे भुकेले नाही, असं ते सांगत. टाळ्यांबद्दल काही बोलत नसत.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमलाताई शेलारांना मुलाने जर्मनीहून दुर्बीण पाठवली. ताई ती मंगळसूत्रासारखी गळ्यात घालून पहाटेपासून गॅलरीत उभ्या राहू लागल्या आणि अनंतरावांची झोप उडाली.

पितृपक्ष सुरू झाला. बाकीचे लोक गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहत, अनंतराव टाकीपाशी धोब्याची. कावळे आले, जेवून गेले. धोब्याचा पत्ता नाही. एका सकाळी ते हिरमुसून जिना उतरत होते, तर पुढे प्रेमलाताई, हातात खडू! अनंतरावांनी दोन पायऱ्या एकदम उतरत त्यांना मागे टाकलं आणि फळ्यावर लिहून टाकलं : 'पहिला धोबी. गच्चीवरची टाकी. रिसबूड.'

येणारच आहे, आज नाहीतर उद्या, असं त्यांनी मनाला समजावलं. टपालखात्यात त्यांनी न आलेलं पत्र कधी वाटलं नव्हतं. पण ती नोकरी होती.

प्रेमलाताईंनी फळा वाचला. आता ही बाई पुरावा मागणार, असं अनंतरावांना वाटलं.

"अय्या, मलाही दिसला की! तुमच्या मागोमागच," ताई म्हणाल्या. त्यांनी पाणी कमी येत असल्याची तक्रार वर लिहिली आणि मग खाली आपलं नाव.

संध्याकाळपर्यंत फळा भरला. धोबी गॅलरीत दिसला, गुलमोहरावर दिसला. यंदा जरा वाळलेला वाटतो, प्रवासाचा शीण असेल, असंही कुणी लिहिलं. ज्यांच्या शेतावर सोसायटी उभी होती ते जयसिंग बेनकर तळमजल्यावर राहत. ते म्हणाले, "एक कसला, काका? जोडी हाय जोडी! म्या सवताच्या डोळ्यानं बगितली."

अनंतराव मुकाट्याने पुन्हा गच्चीवर जाऊन आले. न जाणो, खरंच आला असेल! टाकीवर काही नव्हतं.

"सगळे धडधडीत खोटं बोलतायत," त्यांनी घरी येऊन हेमाताईंना सांगितलं.

"आणि तुम्ही?"

"मी फक्त आगाऊ लिहिलं."

नवरात्र बसलं. एका सकाळी अनंतराव तुळशीला पाणी घालायला गच्चीवर गेले, तर टाकीच्या गळणाऱ्या नळाखाली तो होता. शेपटी वर, खाली, वर. पोट असं पिवळं, की आत्ताच हळद लागली असावी. तांब्या हातात तसाच धरून ते उभे राहिले. 'आला!' अशी हाक तोंडाशी आली आणि तिथेच अडली. कुणाला मारणार? सगळ्यांच्या लेखी तो कधीचाच आला होता.

त्यांना भयंकर एकटं वाटलं. मग खाली जाऊन त्यांनी आपली ओळ पुसली आणि लिहिलं : 'मागची नोंद चूक होती. पहिला धोबी आज आला. रिसबूड.' पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने 'चूक' हा शब्द स्वतःसाठी, तोही जाहीरपणे लिहावा, म्हणजे काय यातना झाल्या असतील ते पुणेकरच जाणोत.

फळ्यापाशी गर्दी जमली. सगळे संतापले होते.

"चूक तुमची असेल," प्रेमलाताई म्हणाल्या. "आम्ही पाहिलाय."

"डोळं दाकवा काका एकदा," जयसिंग काळजीने म्हणाले. "मोतीबिंदू आसंल."

"अहो, दिसलाच नव्हता मला! मी खोटं लिहिलं होतं!"

"तुम्ही लिहिलंत खोटं. पण तो आला होता ना खरा!" प्रेमलाताईंच्या या बोलण्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि रिसबुडांची ओळ पुसली गेल्यामुळे त्यांच्या खालचं नाव आपोआप पहिलं झालं.

कोजागिरीला गच्चीवर पहिला पेला प्रेमलाताईंना मिळाला. टाळ्या झाल्या. अनंतरावांनीही वाजवल्या. हेमाताईंनी बजावलं होतं. मात्र टाळ्या थांबल्यावर त्यांना राहवलं नाही.

"ताई, रागावू नका. पण त्या दिवशी तो नक्की कुठे दिसला होता तुम्हाला?"

प्रेमलाताईंनी बोटाने दुधावरची साय बाजूला सारली आणि त्या निर्मळ मनाने म्हणाल्या, "टाकीवर, अहो. तुम्हीच नव्हतं का लिहिलंत?"