आवक खिडकी

मी पीएचडी करतो त्या परभणीच्या कॉलेजात आवक खिडकीवरचे बाबू तोंडाने कधी नकार देत नाहीत. विद्यापीठ कायद्याच्या पुस्तकाला त्यांनी जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलंय. आपण काही विचारलं की ते बोटाला थुंकी लावून नेमकं पान काढतात आणि हळूच म्हणतात, "परिनियमात बसत न्हाई, सर."

मुदतवाढीच्या अर्जासाठी मी सोनपेठहून एसटीने तीनदा आलो. पहिल्यांदा मार्गदर्शकांचा शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा तो सहीवर पडला होता. तिसऱ्यांदा सगळं ठीक होतं, पण मी अर्ज आत टेबलावर ठेवला म्हणून त्यांनी मला बाहेर खिडकीशी पाठवलं.

मी धुमसत उभा होतो. तेवढ्यात तेच बाहेर आले आणि माझ्यामागे उभे राहिले. हातात रजेचा अर्ज. उद्या त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

"अहो, घेणारे तुम्हीच ना?"

"खिडकीतूनच यावं लागतंय, सर. मला काय येगळा कायदा हाय का?"

त्यांनी आपला अर्ज आत सरकवला आणि ते वळसा घालून खुर्चीत जाऊन बसले. आधी माझा अर्ज घेऊन शिक्का मारला. मग स्वतःचा वाचला. लाल पेनाने गोल केला. "अधीक्षकांची शिफारस न्हाई," ते पुटपुटले आणि कागद खिडकीतून बाहेर धरला. बाहेर मी एकटाच होतो.

"धरा जरा सर," ते उठत म्हणाले, "मी आलोच घ्यायला."