साडेपाचची ओळ

माझ्या धाकट्या मेहुणीला मी आयुष्यात एकच वस्तू दिली, ती म्हणजे फळा. चार फूट रुंद, तीन फूट उंच. मी धंद्यानं सुतार. वाचनालयातल्या एका कपाटाला वाळवी लागली, ते मोडायला मला बोलावलं, तर पाठीमागची फळी तेवढी ठणठणीत निघाली. मेहुणी तिथंच पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या टेबलावर बसायची. म्हणाली, "दाजी, ही फेकू नका. हिच्यावर दोन हात काळा रंग मारून द्या." मी मारून दिला, आणि वर पांढऱ्या रंगानं तिनं सांगितली तशी अक्षरं काढली : 'या महिन्यात गेलेले'. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण रंगाच्या ब्रशानं अक्षर असं काढतो की मास्तर असते तर त्यांनी माफी मागितली असती.

फळा लागला तो परीक्षांना बसणाऱ्या पोरापोरींसाठी. महिन्याभरात कोण कोण मोठी माणसं गेली, हे त्यांना म्हणे विचारतात. मेहुणी सकाळी सात पेपर वाचायची, त्यातून नाव काढायची आणि खडूनं फळ्यावर लिहायची. शेवटच्या तारखेला सगळं नोंदवहीत उतरवायचं, आणि एक तारखेला ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. बावीस वर्षं हे चाललं. तिच्या बोटांना खडू इतका लागलेला असायचा, की सगळे तिला खडूताईच म्हणायला लागले. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सुट्टी मिळाली नाही."

पण नुसतं नाव लिहून थांबेल तर ती खडूताई कसली. नावापुढं एक ओळ. आणि त्या ओळीत पुरस्कार नाही, पद नाही. त्या माणसानं केलेली एक साधी गोष्ट, आणि तीही कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेली. ऐकीव चालत नसे. एक मोठे गणिती गेले, तर त्यांच्यापुढं लिहिलं : 'घरी आलेल्याच्या चपला स्वतः सरळ लावून ठेवत.' एक गायिका गेल्या, त्यांच्यापुढं : 'तंबोरा उचलणाऱ्याचं नाव मैफलीत आधी घेत.' हे सगळं ती आठवणींच्या पुस्तकांतून, लेखांतून हुडकून काढायची. एकदा एक माजी मंत्री गेले. तीन दिवस काही सापडेना. शेवटी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरचा फोन नंबर मिळवला, अर्धा तास बोलली आणि लिहिलं : 'गाडीत झोप लागली तर घोरत नसत.'

पोरं कुरकुरायची. "ताई, पुरस्कार लिहा ना, परीक्षेत तेच येतं."

"ते गाइडात आहे. पान उघड आणि वाच. हे गाइडात नाही."

मला मात्र ती नेहमी म्हणायची, "दाजी, तुमच्यासाठी ओळ शोधतेय. सापडेना. तोवर जाऊ नका."

मी म्हणायचो, "मग सावकाश शोध, बाई. घाई नाही."

आता साडेपाचबद्दल सांगतो. आमच्या भागाला पाणी सोडणारा माणूस. रोज पहाटे साडेपाचला खांद्यावर ती कमरेइतकी उंच लोखंडी चावी टाकून यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. एकतीस वर्षं. लोक त्याच्यावर घड्याळं लावायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच, बाकी सगळ्यांना तो साडेपाच. त्याच्या बायकोलासुद्धा बायका 'साडेपाचवहिनी' म्हणायच्या आणि ती ओ द्यायची.

नोकरीत असतानाच, त्या महिन्याच्या बारा तारखेला, तो गेला. सकाळचं काम करून घरी आला, चावी भिंतीला टेकवली, खाटेवर आडवा झाला तो झालाच.

चौदा तारखेला फळ्यावर चार नावं होती. एक शास्त्रज्ञ, एक हॉकीपटू, एक नट, एक परदेशातल्या राष्ट्राध्यक्ष बाई. खडूताईनं पाचवी ओळ लिहिली : 'साडेपाच. व्हॉल्व्ह हळूहळू फिरवत, म्हणजे झोपलेल्यांच्या घरातले नळ खोकत नसत.'

दोन दिवसांनी साडेपाचवहिनी आली. फळ्यासमोर उभी राहिली, मला म्हणाली, "भाऊजी, वाचून दाखवा." मी दाखवलं. मग टेबलाकडं वळली. "ताई, हळू फिरवायचे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या उशाशी नळ आहे. एकतीस वर्षं खोकला नाही."

वहिनीनं पदरानं फळ्याच्या चौकटीवरची धूळ पुसली आणि गेली. चौकट मी केलेली, म्हणून मला जरा बरं वाटलं.

सतरा तारखेला अध्यक्ष आले. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मोठे साहेब. सदरा असा कडक, की बसताना त्याला विचारून बसावं लागावं. माणूस वाईट नव्हता हो, पण प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची. संपादकांना दर आठवड्याला एक पत्र. रस्ते, दिवे, भटकी कुत्री, कशावरही. फळ्यासमोर ते थांबले.

"बाई, हे साडेपाच कोण?"

"पाणी सोडायचे ते."

"ते मला ठाऊक आहे. ते इथं कसे?"

"या महिन्यात गेले ना, साहेब."

"महिन्यात शेकडो माणसं जातात. हा फळा नामवंतांचा आहे."

"वर तसं लिहिलेलं नाही. दाजींनी रंगवलंय, बघा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीचा पाय ठोकत होतो. त्या क्षणी मीही खुर्चीचाच पाय झालो.

"नामवंत म्हणजे ज्याची छापील नोंद आहे," साहेब म्हणाले. "पेपरात आलेला. तीस तारखेला समितीची बैठक आहे. छापील पुरावा आणा. नाहीतर ते नाव पुसायचं. आणि पुसायचं नसेल तर फळाच उतरवू, म्हणजे प्रश्न मिटला."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "अगं पुसून टाक. वहिनीनं पाहिलं, झालं की."

"दाजी, आज ते नाव पुसलं तर उद्या मी कुठल्या तोंडानं दुसरं लिहू?" आणि मग हळूच, "फळा गेला तर मी इथं नुसते शिक्के मारत बसायचं का?"

बावीस वर्षांत तिचा आवाज असा मी पहिल्यांदा ऐकला.

मी म्हटलं, पेपरात श्रद्धांजलीची जाहिरात देऊ, छापील तर छापील. तिनं अशी नजर टाकली, की हातातला खिळा वाकडा गेला.

वाचनालयानं एक गोष्ट कधी फेकली नव्हती : आमच्या शहराच्या पेपराच्या फायली. माळ्यावर एकतीस वर्षांचे गठ्ठे. खडूताई रोज सहा वाजता वाचनालय बंद झालं की ते काढून बसायची, साडेआठपर्यंत. मी शिडी धरायला म्हणून गेलो आणि अडकलो. माझी बायकोही डबा द्यायला म्हणून आली आणि अडकली. मी बोट ठेवून वाचणारा, त्यात जुन्या बातम्या इतक्या मजेच्या! सर्कशीतलं माकड पोस्टात शिरलं, ही बातमी मी मोठ्यानं वाचली तर मेहुणी म्हणाली, "माकडाचं राहू द्या, पाण्याचं बघा."

चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. साडेपाचचं नाव कुठंच नव्हतं. पाणी आलं, याची बातमी कोण छापणार? आलं नाही, तरच छापतात. अमुक पेठेत दोन दिवस पाणी नाही, तमुक वसाहतीत पहाटेऐवजी दुपारी. तसल्या तक्रारी रगड. आमच्या भागाची एकही नाही.

खडूताईचे डोळे चमकले. "दाजी, हाच पुरावा! प्रत्येक तक्रारीच्या पानात चिठ्ठी घाला. एकतीस वर्षांत आमच्या भागाची एकही तक्रार नाही, हे छापीलच आहे की!"

पुढचे आठ दिवस आम्ही चिठ्ठ्या घातल्या. माझी बायको सोफ्यावर रेलावं तशी फायलींवर रेलायची. आणि अठ्ठावीस तारखेला, एकोणीस वर्षांपूर्वीच्या फायलीत, माझं बोट एका वाचकाच्या पत्रावर थांबलं. 'काल आमच्या भागात पाणी पहाटे साडेपाचऐवजी पाच पन्नासला आले. संबंधित कर्मचाऱ्यास सक्त समज द्यावी.' खालची सही वाचली आणि मी असा हसलो, की माझ्या बायकोनं भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडं बोट दाखवलं.

मेहुणीनं ते वाचलं. ती हसली नाही.

"म्हणजे एक दिवस चुकलाच की."

"अगं पण सही बघ ना कुणाची आहे!"

"सही राहू द्या. मी सांगणार होते, एकही तक्रार नाही. आता तसं सांगता येणार नाही."

"मग हे पान दाखवू नकोस. कोण बघतंय?"

"आपण बघितलं ना."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिची बहीण माझ्या घरात आहे, मला अनुभव आहे.

तीस तारखेला संध्याकाळी पाचला बैठक. समितीचे पाच जण, मध्ये अध्यक्ष. मी टेबलाचा पाय डुगडुगतो म्हणून टेबलाखाली. पाय डुगडुगत नव्हता. खडूताईनं गठ्ठे मांडले, जिकडंतिकडं चिठ्ठ्या लोंबत होत्या.

"साहेब, तुम्ही छापील पुरावा मागितला. हे बाकीच्या भागांतलं पाणी. दीडशेवर तक्रारी आहेत. आमच्या भागाची एकतीस वर्षांत एक. तीही वाचते." आणि तिनं पत्र वाचलं. सही वाचली नाही.

समितीतले डॉक्टर हसायला लागले. "वीस मिनिटं! आणि त्यासाठी संपादकांना पत्र? असा रिकामटेकडा कोण होता?"

टेबलाखालून मला साहेबांचे बूट दिसत होते. ते एकदम स्थिर झाले.

"बघू," साहेब म्हणाले. खडूताईनं फाइल त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पत्र छोटं होतं, पण त्यांना वाचायला बराच वेळ लागला.

"तो आला होता," साहेब म्हणाले. "पत्र छापून आलं त्या दिवशी. घरी. दारातच उभा राहिला. उजवा हात गळ्यात बांधलेला. म्हणाला, साहेब, हात मोडलाय. डाव्या हातानं चावी फिरवायची सवय नव्हती, म्हणून वीस मिनिटं गेली. आता रोज लवकर निघतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठीक आहे म्हणालो. आणि दार लावलं." मग म्हणाले, "त्यानंतर कधी उशीर झाला नाही. हात बरा व्हायला दीड-दोन महिने तरी लागले असतील, नाही?"

दुसरी कुणी असती तर त्या क्षणी साहेबांना कोंडीत पकडलं असतं. मीही टेबलाखाली वाट बघत होतो. खडूताईनं पिशवीतून खडू काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

"ही पाहिलेली गोष्ट आहे, साहेब. माझ्या ओळीपेक्षा चांगली आहे. तुम्हीच लिहा."

साहेब उठले. तिची ओळ त्यांनी पुसली नाही, तिच्याखाली लिहिलं. कागदावर लिहिणाऱ्याचं अक्षर फळ्यावर वर-वर चढत जातं, तसं ते चढलं : 'हात मोडला तेव्हा डाव्या हाताने पाणी सोडले. वीस मिनिटे उशीर झाला, तो सांगायला स्वतः आले.' कडक सदऱ्यावर खडू सांडला. त्यांनी झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. वाचनालय उघडायच्या वेळी साहेब बायकोला घेऊन आले, साडेपाचवहिनीला निरोप धाडून तिलाही बोलावलं होतं. तिघं फळ्यासमोर आले, तर फळा ओला. पुसलेला. खडूताई फडकं पिळत होती.

"अहो बाई, आजच्या दिवस तरी ठेवायचं!" साहेब म्हणाले.

"एक तारीख आहे, साहेब. राष्ट्राध्यक्ष बाईंना पुसलं, मग त्यांना कसं ठेवू? नोंदवहीत आहे सगळं. पाचव्या क्रमांकाला."

साहेबांनी नोंदवही मागून घेतली आणि वहिनीला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या, उभ्यानं. वहिनी म्हणाली, "डावा हात मला विचारून वापरला असता तर वीस मिनिटंही लागली नसती. मी डावरीच आहे." सगळ्यात आधी हसले ते साहेब.

तेवढ्यात त्यांचं लक्ष फळ्याकडं गेलं. वाळत आलेल्या फळ्यावर खडूताईनं पहिलं नाव लिहिलं होतं, कुठल्याशा दूरच्या देशातला एक गिर्यारोहक. पुढं जागा रिकामी.

"यांची ओळ?"

"शोधतेय. सात पेपर आहेत, तीन झाले." खडूताईनं खुर्ची पुढं ओढली. पाय मी ठोकलेला तीच. "बसा. दोन तुम्ही बघा."

साहेब बसले.