भाड्याच्या वास्तूलाही कान असतात

नोएडातला फ्लॅट पसंत पडला, कर्ज मंजूर झालं, आणि मग बँकेतल्या बाईंनी आणखी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, लोन के साथ ये तो सब लेते हैं." कर्ज फिटायच्या आत माणूस गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरणार. नोकरी गेली तर तीन हप्तेही भरणार. विम्यासाठी भरायची रक्कम मात्र सगळी एकदम, आणि तीही कर्जातच मिळवायची. म्हणजे तिच्यावरही वीस वर्षं व्याज. "घरी विचारून सांगते," म्हणाले आणि कागद पर्समध्ये टाकून आले.

पंचाईत अशी की आमच्या घरी हे विचारायची सोय नव्हती.

माझे सासरे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. सगळा जन्म दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांत गेला. निवृत्तीनंतर त्यांनी चाव्या परत केल्या आणि आम्ही सगळे दिल्लीतच मुनिरक्यात भाड्याने राहायला आलो. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. त्यांचे सगळे नियम सासऱ्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले, आणि त्यातला पहिला हा, की घरात अभद्र बोलायचं नाही. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते. आपण भलतंसलतं बोलायला आणि तिने तथास्तु म्हणायला एकच गाठ पडली, की संपलं.

त्या दिवशी जेवताना मी एवढंच म्हटलं, "समजा, उद्या आपल्यापैकी कुणाला काही..."

"शुभ बोल गं," सासरे म्हणाले. त्यांचा घास हातातच राहिला.

"बाबा, ही वास्तू आपली नाही. घरमालकाची आहे," नवरा म्हणाला.

"भाड्याच्या वास्तूलाही कान असतात."

"असतील, पण तिला मराठी कुठे कळतंय?"

"इतकी वर्षं आपलं ऐकतेय. शिकली असेल."

विषय तिथेच मिटला. म्हणजे घरात मिटला. मरणाच्या गप्पा मारायला आम्ही नवरा-बायको कॉलेजच्या पोरांसारखे चोरून बाहेर भेटायला लागलो. कधी जिन्यात, कधी मेट्रो स्टेशनच्या बाहेर मोमोच्या गाडीपाशी. नवरा म्हणायचा, घेऊन टाकू, निदान डोक्याला ताप नाही. मी म्हणायचे, तेवढ्या पैशांत नव्या घरातलं सगळं स्वयंपाकघर होईल. तो भाषांतराची कामं करतो. एक महिना कामाचा ढीग, दुसऱ्या महिन्यात शुकशुकाट. मुलगी आठवीत. सासरे पंचाहत्तरीला टेकलेले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर होणार होतं आणि कुणी मध्येच गेलं तर ते हातात राहील की नाही, एवढाच खरा प्रश्न होता. पण आम्ही दोघेही तो आडूनच विचारत होतो. "कुणाला काही झालं तर," "वेळ काही सांगून येत नाही," असं.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली. सासरे दरवर्षी काला अंबला, लढाईत पडलेल्यांच्या स्मारकाला, जातात. यंदा आम्हीही गेलो. स्मारकापाशी डोकं टेकवून झालं, तिळगूळ वाटून झाला, आणि हिरवळीवर चादर अंथरून मी धपाट्यांचा डबा उघडला. धुकं अजून पुरतं हललं नव्हतं. मुलगी मैत्रिणींबरोबर फोटो काढत हिंडत होती.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "तो कागद काढ."

"कुठला?"

"जिन्यात रोज काय कुजबुजता ते मला कळतं. इथे बोला. इथे डोक्यावर छप्पर नाही, वास्तू नाही. आणि इथे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय."

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तो कागद वाचला, धपाटं गार होईपर्यंत. बारीक अक्षर आधी वाचायचं, ही त्यांच्या खात्याची शिस्त. कर्ज जसं कमी होईल तसं विम्याचं संरक्षणही कमी होणार, तिथे पेन्सिलची रेघ. दुसऱ्या बँकेत कर्ज नेलं तर विमा संपणार, दुसरी रेघ. "हा विमा घेण्याची सक्ती नाही, असं यांनीच लिहिलंय," ते खूश होऊन म्हणाले. "सगळ्यात बारीक अक्षरात."

नवरा हसला. सासरे हसले नाहीत, कारण ते पुढच्या ओळीवर गेले होते. "विमा फक्त पहिल्या अर्जदाराचा आहे. पहिला अर्जदार कोण?"

नवऱ्याने हात वर केला.

"आणि हप्ता कुणाच्या पगारातून जाणार?"

मी हात वर केला.

सासऱ्यांनी कागदाची घडी घातली, पेन्सिल खिशात ठेवली आणि गार धपाटं खायला घेतलं.

कर्जाचा तो अर्ज मीच भरला होता. लग्नपत्रिकेपासून गॅसच्या कार्डापर्यंत सगळीकडे आधी त्याचं नाव, मग माझं. हात आपोआप चालला. तीन आठवडे आम्ही मरणावर चर्चा करत होतो आणि "मी मेले तर" हे साधं वाक्य मी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. काढलं असतं तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढते म्हणून मिरवणारी मी, मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी पोचलो. दिवेलागण झाली होती. सासऱ्यांनी कानटोपीसुद्धा काढली नाही. खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"तू मेलीस तर," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "हे घर जाईल. याच्याने हप्ता भरला जायचा नाही, माझ्या पेन्शनमध्ये भागायचं नाही. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधला माणूस नोकरीत असताना गेला. क्वार्टर सोडायची मुदत संपली तशी त्याच्या बायकोने ट्रक बोलावला. कपाटाचं एक टोक मी धरलं होतं. मला पुन्हा कपाट धरायचं नाही. हा विमा नको. तुझ्या नावाचा साधा, वेगळा मुदतीचा विमा काढ, कर्ज फिटेपर्यंतचा. आणि अर्जात पहिलं नाव तुझं घाल."

पुढे आम्ही अगदी तसंच केलं. माझी साखर जरा वर असल्यामुळे तो विमा थोडा महाग पडला, तरी बँकेच्या कागदापेक्षा बराच स्वस्त. पण ते नंतरचं. त्या वेळी मला रडूच फुटलं. तुझ्यावाचून या घराचं चालायचं नाही, हे इतक्या वाईट शब्दांत आणि इतक्या मायेने मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

मला रडताना पाहून सासऱ्यांना आपण काय बोलून बसलो ते उमगलं. त्यांनी घाबरून वर छताकडे पाहिलं आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

"मोहरी कुठे ठेवतेस?"

दृष्ट काढायचं काम सासूबाईंचं. सासऱ्यांनी ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. मूठभर मीठ-मोहरी आणि अर्धी बरणी लाल मिरच्या घेऊन आले आणि मला खुर्चीत बसवून माझ्यावरून उतरवू लागले. सासूबाई पुटपुटायच्या ते शब्द त्यांना आठवेनात. मग ते आपल्या खात्याच्या भाषेतच म्हणाले, "आत्ता या घरात जे बोललं गेलं, ते रद्द समजावं." तीन वेळा म्हणाले.

मुठीतलं सगळं त्यांनी तव्यावर टाकलं. मिरच्यांचा ठसका उठला नाही तर समजायचं की दृष्ट होती आणि ती जळाली. इथे तर क्षणात सगळं घर धुराने भरलं. नवरा खोकत खिडक्या उघडायला धावला. मुलगी ओढणी नाकाला लावून बाहेर आली, "आजोबा, ये क्या जला दिया?"

सासऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कानटोपी डोक्यावर तशीच होती.

"बघा," खोकला कसाबसा दाबत ते म्हणाले, "जरासुद्धा ठसका नाही."