व्यवसाय : शेती

पाचोडहून मी निघाले तेव्हा आईने बसच्या खिडकीतून एक गाठोडं आत दिलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गरम भांडी उतरवायला एक जाड पांढरं कापड. "जळत नाय ते. हात पोळणार नाय तुझा," ती म्हणाली. शेजारी आप्पा, माझे वडील, बसले होते. शहरातल्या एका कारखान्यात ते बारा वर्षांपासून कामाला होते. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचे आणि बाजाराच्या दिवशी गावी यायचे. आता कॉलेजसाठी मीही त्या खोलीवर राहणार होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे तोवर कोणी गेलं नव्हतं.

कॉलेजच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. शाळेपासून लिहीत आले तेच मी लिहिलं : शेती. आप्पांची तशी ताकीदच होती. विहारामागच्या आमच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या नावावर जमीन नव्हती. आप्पांनी कारखान्याच्या पगारातून सव्वा एकर घेतलं, सातबाऱ्यावर नाव लागलं आणि त्या दिवसापासून ते शेतकरी झाले. "कंपनी आज हाय, उद्या नाय. आपण शेतकरी. तसंच लिव्ह." मी लिहीत गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जावर, पुढे माझ्या नोकरीच्या अर्जावरही.

ते खरं काय काम करतात हे मला खोलीवर आल्यावर कळलं. बॉयलरच्या गरम पाइपांना पांढरी दोरी गुंडाळायची, वर पांढरं कापड शिवायचं, जुनं झालं की ओरबाडून काढायचं. आईने दिलेलं कापड तिथलंच. संध्याकाळी आप्पा दारात उभे राहून सदरा झटकायचे. उन्हाच्या तिरिपेत बारीक तंतू तरंगायचे. मी त्याच दारात पुस्तक घेऊन बसायचे. "कापूस वेचून आल्यासारखे दिसता," असं मी म्हटलं की ते हसायचे. अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे न जळणारं तंतुमय खनिज, हा शब्द मी पाठ्यपुस्तकात वाचलेला होता. तो आमच्या उंबऱ्यावर तरंगतोय, हे काही सुचलं नाही.

आणखी दहा वर्षांनी कारखाना बंद पडला आणि आप्पा गावी परतले. तोवर मी पदवी घेतली होती, सरकारी कचेरीत लागले होते आणि शहराचीच झाले होते. आप्पांना कोरडा खोकला लागला तो तीन वर्षांपूर्वी. दोन महिने झाले तरी हटेना. उजव्या बाजूला दुखायचं, बांधावरून विहिरीपर्यंत जाताना धाप लागायची. गावातल्या डॉक्टरांना कडब्याच्या धुळीचा त्रास वाटला. आप्पांनी आयुष्यात विडीही ओढलेली नाही, त्यामुळे आम्हालाही ते पटलं.

मी त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. केसपेपर मीच भरला. व्यवसाय : शेती. मला कचेरीतून अर्ध्या दिवसाचीच रजा होती, म्हणून पहाटे नंबर लावायला सलीमचाचा आले होते. आप्पांच्या शेजारी बसून वीस वर्षं तीच दोरी गुंडाळणारे त्यांचे दोस्त. डॉक्टरीणबाई केसपेपर वाचून म्हणाल्या, "शेती का? मग धूळ जरा टाळा, काका." आणि औषध लिहायला लागल्या.

सलीमचाचांना हसू आवरेना. "तू कब किसान हुआ रे? बीस साल तो मेरे बाजू में बैठ को बॉयलर की रस्सी लपेटा."

"गप रे," आप्पा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली रस्सी?"

मग प्रश्नांवर प्रश्न. किती वर्षं? तोंडाला काही बांधायचे का? कामाचे कपडे घरी कोण धुवायचं? त्यांनी केसपेपरवरचं 'शेती' खोडलं नाही. त्याच्याखाली पाच ओळी लिहिल्या आणि त्याच दिवशी सीटी स्कॅन करायला लावला. उजव्या फुप्फुसात लहानशी गाठ निघाली. तुकडा तपासला, कॅन्सर ठरला. पण पसरलेला नव्हता. "अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात बसले की काम सोडून कितीही वर्षं झाली तरी हा आजार उगवतो," त्या म्हणाल्या. "आणखी वर्षभर धुळीची औषधं घेतली असती तर ऑपरेशनची वेळ निघून गेली असती." मी मान खाली घातली. 'शेती' हा शब्द माझ्याच हातचा होता.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. मग डॉक्टरीणबाईंनीच कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलांकडे जायला सांगितलं. अशा दाव्यांना मुदत असते, उशीर करू नका, म्हणाल्या. शहरातल्या गुलमंडीत कापडाच्या दुकानावर वकिलांची छोटी खोली होती. "कारखाना बंद पडला म्हणून हक्क बंद पडत नाही," ते म्हणाले. "तिथं काम केल्याचा कागद आणा, सोबत काम केलेला माणूस आणा." माणूस होताच. कागद आईच्या पेटीत निघाले : फोटो असलेला पास, पगाराच्या चिठ्ठ्या. पावणेदोन वर्षं चकरा मारल्या. शेवटी आजार कामामुळेच झाला, हे मान्य झालं. नुकसानभरपाईचा निकाल मी वाचून दाखवला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "म्हंजी माझी काय चूक नव्हती."

सलीमचाचांच्या फुप्फुसावर डाग आहेत, गाठ नाही. ते कपडे आईने धुतले आणि मी त्या दारात बसायचे, म्हणून आम्हा दोघींचीही तपासणी झाली. आम्ही ठीक आहोत. ते पांढरं कापड ओलं करून, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, महापालिकेच्या माणसांना काय आहे ते सांगून दिलं.

पाचोडला राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांना मला एवढंच सांगायचं आहे. घराचा आब राखायला आपण बाहेरचं काम उंबऱ्याबाहेर झटकत आलो. ते आत येतच होतं. आता माझं घर दोन ठिकाणी आहे, शहरातल्या दोन खोल्या आणि गावचं सव्वा एकर. दोन्हीकडे आप्पा आल्यागेल्याला त्या दोरीबद्दल सांगतात. कारखान्यात काम केलेला कोणी खोकताना दिसला की तो तिथं कुठल्या खात्यात होता, ते आधी विचारतात.

परवा तपासणीला नवीन डॉक्टर होते. सगळं साफ आहे म्हणाले आणि कागद पुढे ओढून विचारलं, "काका, काम काय करता?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले. "बावीस वर्षं बॉयलरला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. ते आधी लिवा. शेती त्याच्या खाली लिवा."